दिलेला माणूस आणि दिलेला शब्द

२०३० साली भारत सरकारला एक काम करावं लागणार आहे, आणि ते मुंबईत फारच थोड्यांना पटेल. अबू सालेमच्या कैदेला तेव्हा पंचवीस वर्षं पुरी होतील आणि त्याच्या सुटकेचे कागद सरकारलाच पुढे पाठवावे लागतील. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात विशेष टाडा न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१७ रोजी त्याला जन्मठेप सुनावली आहे. तरीही त्याला पंचवीस वर्षांहून जास्त काळ तुरुंगात ठेवता येणार नाही. १७ डिसेंबर २००२ रोजी तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी पोर्तुगाल सरकारला तशी लेखी हमी दिली होती: फाशी देणार नाही, आणि पंचवीस वर्षांपलीकडे कैदेतही ठेवणार नाही. या हमीवर विसंबून पोर्तुगालने लिस्बनमध्ये पकडलेला सालेम नोव्हेंबर २००५ मध्ये आपल्या हवाली केला. ११ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की मुदत संपल्यावर महिन्याभरात सरकारने राष्ट्रपतींकडे सुटकेसाठी कागद पाठवावेत, नाहीतर स्वतःच्या अधिकारात उरलेली शिक्षा माफ करावी.

ती बातमी आली त्या आठवड्यात मला एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. मी मुंबईतल्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत असे. नीतिशास्त्राचा पेपर माझ्याकडे होता. १९९३ मध्ये ती माझ्या वर्गात होती. त्या शुक्रवारी दुपारी तिचे वडील वरळीला सेंच्युरी बाजारपाशी बसची वाट बघत उभे होते. ते घरी परतले नाहीत. फोनवर ती म्हणाली, “मॅडम, हा शब्द दिला कोणी? मला कुणी विचारलं होतं का? त्याला दिलेला शब्द पाळायचा, मग माझ्या बाबांना द्यायचा न्याय कुणी पाळायचा?”

मी तिचं सगळं ऐकून घेतलं. तिच्या प्रश्नाला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं हा तिचा अपमान झाला असता. म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

पळून आलेला माणूस त्याच्या पाठलाग करणाऱ्याच्या हाती द्यायचा की नाही, हा प्रश्न मी कायद्याच्या पुस्तकाआधी कीर्तनात ऐकला. माझे वडील राजापूर तालुक्यात कीर्तनं करत. त्यांच्या उत्तररंगात शिबी राजाचं आख्यान वरचेवर असे. घाबरलेला कपोत राजाच्या मांडीवर येऊन पडतो, मागोमाग ससाणा येतो आणि आपलं भक्ष्य मागतो. राजा कपोताला देत नाही. त्याच्या भारंभार आपल्या मांडीचं मांस तराजूत घालत जातो. पेटी आणि झांज टिपेला पोचली की सभामंडपातल्या बायका डोळ्यांना पदर लावत. एकदा कीर्तन संपल्यावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने वडिलांना विचारलं, “बुवा, पण ससाण्याची काय चूक? त्याने पोरांना काय घालायचं?”

वडिलांना हा प्रश्न फार आवडला. ते म्हणाले, की व्यासांनीही तो टाळलेला नाही. महाभारताच्या वनपर्वात ही कथा दोन रूपांत येते, आणि त्यातल्या एका रूपात ससाणा राजाशी रीतसर वाद घालतो. तू माझं अन्न हिरावलंस तर मी मरेन, माझ्यामागे माझी बायकापोरं मरतील. एकाला वाचवताना इतक्यांना मारणारा हा तुझा कसला धर्म? राजा त्याला दुष्ट म्हणून हाकलून देत नाही. त्याचा हक्क खरा आहे हे तो मान्य करतो. पण शरण आलेल्याला देणार नाही, आणि मागणाऱ्यालाही रित्या हाताने पाठवणार नाही, या दोन गोष्टी एकाच वेळी पाळायच्या तर किंमत मधल्या माणसाला मोजावी लागते. ती राजा स्वतःच्या अंगातून मोजतो. वडिलांच्या मते या आख्यानाचं मर्म दयेत नव्हतं, या हिशेबात होतं.

माझी विद्यार्थिनी त्या ससाण्याच्या जागी उभी आहे. हे मी तिला कमी लेखून म्हणत नाही. तिचा हक्क खरा आहे, आणि २५७ मृतांच्या कुटुंबांचाही. हा हक्क विसरून जो कुणी प्रत्यार्पणाच्या मर्यादांची थोरवी गातो, त्याने शिबीची कथा अर्धीच ऐकली आहे.

आता दुसरी बाजू. आपण मराठी माणसं या वादात कपोताच्या बाजूनेही उभे राहिलो आहोत, आणि ते आपल्याला अजून आठवतं. ८ जुलै १९१० च्या सकाळी विनायक दामोदर सावरकरांनी मार्सेलिसच्या बंदरात ‘मोरिया’ बोटीच्या शौचकूपाच्या खिडकीतून समुद्रात उडी मारली, पोहत धक्का गाठला आणि फ्रान्सच्या भूमीवर धावू लागले. फ्रेंच शिपायाने त्यांना पकडलं, आणि काही मिनिटांतच ते पुन्हा बोटीवर इंग्रजांच्या ताब्यात होते. रत्नागिरी जिल्ह्यात, जिथे सावरकर पुढे १९२४ पासून १९३७ पर्यंत स्थानबद्ध होते, तिथल्या शाळेत आम्हाला ही उडी शिकवली गेली. पण उडीनंतर जे घडलं ते कुणी शिकवलं नाही. खरा धडा त्या भागात आहे.

सावरकरांना लंडनमध्ये १३ मार्च १९१० रोजी अटक झाली होती. हिंदुस्थानात पाठवण्यासाठी वापरला गेला तो १८८१ चा फरारी गुन्हेगारांचा कायदा. तो ब्रिटिश साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात माणूस नेण्यासाठी होता. परक्या देशाने मागणी केली असती तर राजकीय गुन्ह्याचा बचाव घेता आला असता. बेल्जियमने १८३३ मध्ये आपल्या कायद्यात तो बचाव आणला होता आणि युरोपात तो रूढ झाला होता. पण साम्राज्याच्या पोटात ही सवलत नव्हती. कुठल्या रेषेच्या अलीकडे माणूस उभा आहे, यावर त्याचं रक्षण ठरत होतं. म्हणून मार्सेलिसच्या धक्क्यावरची ती काही पावलं इतकी मोलाची होती.

फ्रान्सने सावरकरांना परत मागितलं. पॅरिसमध्ये मादाम कामांनी धावाधाव केली, कार्ल मार्क्सचा नातू झां लाँगे याने ‘ल्युमानिते’ या वृत्तपत्रातून आवाज उठवला. अखेर २५ ऑक्टोबर १९१० रोजी दोन्ही सरकारांनी हा वाद हेगच्या लवाद न्यायालयापुढे नेण्याचा करार केला. बेल्जियमचे बेअरनार्ट हे अध्यक्ष, त्यांच्यासोबत फ्रान्स, ब्रिटन, नॉर्वे आणि नेदरलँड्सचे एकेक सदस्य. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल लागला. सावरकरांना ज्या रीतीने परत बोटीवर नेलं गेलं त्यात अनियमितता होती, असं लवादाने मानलं. पण फ्रेंच पोलिसांना बोटीवरच्या कैद्याची आधी कल्पना दिलेली होती, इंग्रजांनी फसवणूक किंवा बळजबरी केली नव्हती. परक्या शिपायाच्या हातून चूक झाली म्हणून हाती आलेला कैदी परत करायला लावणारा कोणताही आंतरराष्ट्रीय नियम नाही, असा निर्णय त्यांनी दिला.

या निकालात मला सर्वांत जास्त टोचतं ते हे: हेगला दोन पक्षकार होते, फ्रान्स आणि ब्रिटन. ज्याच्या आयुष्याचा निवाडा व्हायचा होता तो पक्षकार नव्हताच. हेगचं काम सुरू होण्याआधीच, २४ डिसेंबर १९१० रोजी, मुंबईत ज्युरीशिवाय चाललेल्या आणि अपिलाची सोय नसलेल्या विशेष न्यायासनाने त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली होती. दुसरी जन्मठेप ३० जानेवारी १९११ ला आली. दोन सरकारांनी आपापसातला मानापमान मिटवला आणि माणूस मध्येच राहिला.

पण इथेही ससाण्याला विसरून चालणार नाही. सावरकरांवर नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनाला मदत केल्याचाही आरोप होता. ब्राउनिंग पिस्तुलं त्यांनी पाठवली असं सरकारचं म्हणणं होतं. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद थिएटरात मारल्या गेलेल्या जॅक्सनलाही घर होतं. म्हणजे मागणाऱ्याची बाजू तिथेही अगदीच पोकळ नव्हती. आणि तरी मार्सेलिसला अन्याय झाला असं आपण एकमुखाने म्हणतो. का म्हणतो? सावरकर निरपराध होते म्हणून की ते आपले होते म्हणून? सावरकरांच्या पुढच्या राजकारणाविषयी ज्याचं जे मत असेल ते असो, पण या प्रश्नाचं उत्तर देताना आपलेपण बाजूला ठेवलं तर एकच कारण उरतं. आश्रयाच्या भूमीवर पोचलेल्या माणसाचं कुणीतरी म्हणणं ऐकायला हवं होतं. त्याला हवाली करण्याआधी, ज्याच्या हाती द्यायचं तो त्याचं काय करणार आहे, हे विचारायला हवं होतं. हे कारण खरं असेल तर ते आपल्या नावडत्या माणसालाही लागू होतं. सालेमलाही.

धर्मपरंपरांनी हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे, आणि त्यांची उत्तरं भाबडी नाहीत. इस्लामच्या आरंभीच्या काळात मक्केतल्या छळाला कंटाळून काही मुसलमान समुद्र ओलांडून ॲबिसिनियात गेले. कुरैशांनी त्यांच्यामागोमाग वकील पाठवले, राजा नजाशीला नजराणे दिले, आणि आमची माणसं परत द्या म्हणून मागणी केली. नजाशी ख्रिस्ती होता. या नव्या धर्माशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याने आधी आश्रितांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकलं. जाफर इब्न अबी तालिब त्यांच्या वतीने बोलले. मग राजाने नजराणे परत केले आणि माणसं द्यायला नकार दिला. हेगच्या पाच विद्वानांपुढे जे घडलं नाही ते या राजाच्या दरबारात तेराशे वर्षं आधी घडलं होतं: ज्याच्याविषयी वाद आहे त्याला बोलू दिलं गेलं.

दुसरीकडे यहुदी धर्मशास्त्र सांगतं की आश्रय म्हणजे सुटका नव्हे. यार्देन नदीच्या दोन्ही तीरांवर मिळून सहा आश्रयनगरं ठरवली होती. हातून नकळत मनुष्यवध झालेला माणूस तिथे धाव घेऊ शकत असे, म्हणजे मृताचे नातेवाईक त्याला सूडापोटी मारणार नाहीत. पण तिथेही त्याची चौकशी व्हायची, आणि ज्याने ठरवून खून केला त्याला वेदीपासूनसुद्धा ओढून न्यावं, असा स्पष्ट आदेश आहे. त्याच धर्मशास्त्राने पळून आलेल्या गुलामाला मालकाच्या हाती परत देऊ नये असंही सांगितलं. माणसामाणसात फरक करा, गुन्ह्यागुन्ह्यात फरक करा, आणि फरक करण्यासाठी आधी ऐका, असा त्याचा आशय.

वाल्मीकी रामायणात बिभीषण शरण येतो तेव्हाही रामाच्या छावणीत मोठा खल होतो. सुग्रीव म्हणतो, हा शत्रूचा भाऊ आहे, घात करील. राम सगळ्यांचं ऐकतो आणि शरण आलेल्याला अभय देणं हे आपलं व्रत असल्याचं सांगतो. तो बिभीषण असो की खुद्द रावण, त्याला घेऊन या, असंही म्हणतो. हे वाचून पुष्कळांना वाटतं की रावणालाही राम माफ करणार होता. मला तसं वाटत नाही. अभयात माफी येत नाही. अभय देणारा इतकंच कबूल करतो, की तू माझ्या हातात असताना तुझ्याशी मी धर्माने वागेन. सतराव्या शतकात ह्यूगो ग्रोशियसने राष्ट्रांच्या वागणुकीसाठी जो दंडक मांडला तोही याच रांगेत बसतो: ज्या राज्यात अपराधी सापडेल त्याने एकतर त्याला शिक्षा करावी, नाहीतर त्याला हवाली करावं. लपवून ठेवणं हा पर्याय त्याने ठेवला नाही.

मग पोर्तुगालने काय केलं? त्याने सालेमला लपवलं नाही. बनावट कागदपत्रांच्या गुन्ह्याबद्दल त्याच्यावर तिथे खटला चालवला, शिक्षा केली, आणि आपली मागणी ऐकून घेतली. पण पोर्तुगालने साध्या गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ मध्येच रद्द केली आहे आणि जन्मठेप १८८४ मध्ये. जी शिक्षा आपण कुणालाच देत नाही ती दुसऱ्याच्या हातून द्यायची, हे त्यांना मान्य नव्हतं. मला हा सगळ्या प्रकरणाचा कणा वाटतो. मी एखाद्याला तुमच्या स्वाधीन केलं की माझी जबाबदारी संपली, असं म्हणता येत नाही. पुढे त्याचं जे होईल ते मला आधी दिसत असेल, तर त्यात माझाही हात आहे. ७ जुलै १९८९ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने सोरिंग खटल्यात हेच सांगितलं. तो तरुण अमेरिकेत व्हर्जिनियात दोन खून केल्याचा आरोपी होता, ब्रिटनमध्ये सापडला होता. फाशीच्या प्रतीक्षेत तिथल्या कोठडीत काढावी लागणारी वर्षं अमानुष आहेत, हे ठाऊक असताना त्याला धाडणं ब्रिटनलाही दोषी ठरवील, असं न्यायालय म्हणालं. पुढे व्हर्जिनियाकडून फाशी न देण्याची हमी आल्यावर त्याला पाठवलं गेलं आणि तिथे जन्मठेप झाली. त्याला शिक्षा झालीच. हमीने फक्त शिक्षेची हद्द ठरवली.

आपल्या कायद्यालाही हे परकं नाही. १९६२ च्या आपल्या प्रत्यार्पण कायद्यात १९९३ मध्ये कलम ३४ क घातलं गेलं: आरोपी देणाऱ्या देशात त्या गुन्ह्याला फाशी नसेल, तर आपल्याकडे त्याला जन्मठेपच होईल. म्हणजे दुसऱ्याच्या नीतीला आपल्या न्यायदानात जागा देण्याचं संसदेने सालेमला पकडण्याच्या कितीतरी आधी स्वीकारलं होतं. ज्या गुन्ह्यांसाठी माणूस मिळाला त्यांखेरीज दुसऱ्या गुन्ह्यांचा खटला त्याच्यावर चालवायचा नाही, असंही तोच कायदा सांगतो. या दुसऱ्या बाबतीत आपण शब्द पाळला नाही, असं लिस्बनच्या न्यायालयाने २०११ मध्ये म्हटलं आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते कायम केलं. आपल्या न्यायालयांनी ते निर्णय आपल्यावर बंधनकारक नाहीत असं ठरवलं. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही. पण शब्दाचा प्रश्न उरतो, कारण माणूस मिळवताना आपण कायद्याच्या बळावर मिळवला नव्हता, शब्दावर मिळवला होता.

शब्द पाळणं किती जड असतं, हे मला हुदैबियाच्या प्रसंगातून कळलं. इसवी सन ६२८ मध्ये पैगंबर मुहम्मद आणि मक्केचे कुरैश यांच्यात तह होत होता. त्यात एक कलम असं, की मक्केतून कुणी आपल्या पालकाच्या परवानगीविना मुसलमानांकडे पळून आला तर त्याला परत द्यायचं. तहाची बोलणी चालू असतानाच अबू जंदल नावाचा तरुण बेड्या खुळखुळवत तिथे येऊन पोचला. तो मुसलमान झाला म्हणून त्याला कोंडून ठेवलं होतं, आणि कोंडणारा त्याचा बाप सुहैल हाच मक्केचा वकील म्हणून समोर बसला होता. मुसलमानांच्या डोळ्यांदेखत त्याला परत द्यावं लागलं. अनुयायी तळमळले. पैगंबरांनी त्याला धीर धरायला सांगितलं, आपण शब्द दिला आहे आणि तो मोडणार नाही असं सांगितलं. ज्याला वाचवावं असं वाटतं त्याला शब्दाखातर परत देणं, आणि ज्याला कायम कोंडावं असं वाटतं त्याला शब्दाखातर सोडणं, ही दोन्ही ओझी सारखीच आहेत. शब्द आपल्या भावनेच्या दिशेने वाहतो तोवर त्याची परीक्षाच होत नाही.

आपण दुसऱ्याच्या शब्दाने पोळलो आहोत, तेही आठवून बघावं. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात १६६ माणसं मारली गेली. जागांची पाहणी करून देणारा डेव्हिड हेडली अमेरिकेत सापडला, २०१० मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, आणि त्या बदल्यात अमेरिकेने त्याला भारताच्या हवाली न करण्याचं वचन दिलं. २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने त्याची साक्ष घेतली ती पडद्यावर, हजारो मैलांवरून. ते वचन अमेरिकेने मोडावं असं आपल्याला वाटलं, मलाही वाटलं. पण जो देश खुन्याला दिलेला शब्द मोडतो, तो आपल्याला दिलेलाही मोडेल. एप्रिल २०२५ मध्ये त्याच हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा आपल्या ताब्यात आला तोसुद्धा अमेरिकेशी असलेल्या कराराच्याच बळावर.

मर्यादांचा आणखी एक लाभ आपल्याला झाला आहे. २०१८ मध्ये विजय मल्ल्याच्या प्रकरणात लंडनच्या न्यायालयाने आर्थर रोड तुरुंगातल्या बराक क्रमांक १२ चं चित्रीकरण मागवलं. कैद्याला उजेड आणि हवा मिळते का, ते न्यायाधीशांना बघायचं होतं. आपल्याकडे पुष्कळांना हा अवमान वाटला. मला वाटलं, हा प्रश्न परक्या न्यायाधीशाने विचारायची वेळ का यावी? त्याच तुरुंगाच्या बाकीच्या बराकींत, क्षमतेहून कितीतरी अधिक संख्येने, खटला सुरू व्हायची वाट बघत माणसं झोपतात. त्यांतल्या बहुतेकांसाठी कुठलाही परदेशी न्यायाधीश चित्रीकरण मागवणार नाही. हवाली करणाऱ्याने विचारलेले प्रश्न हवाली घेणाऱ्याला आपलं घर तपासायला लावतात. ही तपासणी कुणी लादावी लागू नये, हे आपलं काम.

आता माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे परत येते. तिने आणखी एक गोष्ट विचारली होती: याच खटल्यात याकूब मेमनला ३० जुलै २०१५ रोजी नागपूरच्या तुरुंगात फाशी दिली गेली, मग सालेम पंचवीस वर्षांनी बाहेर का? कोण कुठल्या देशात सापडला यावर शिक्षा ठरणार? तिचं म्हणणं खरं आहे. ही विषमता आहे, आणि तिचं समर्थन मी करणार नाही. पण ती दूर करायची तर शब्द मोडून नाही करता येणार. मी स्वतः फाशीच्या विरोधात आहे. मला ती विषमता फाशीच्या बाजूने मिटवावीशी वाटत नाही. तिला तसं वाटतं, आणि तिच्या जागी मी असते तर मला काय वाटलं असतं हे मी सांगू शकत नाही. तरी एवढं नक्की: हमी दिली नसती तर सालेमला फाशीही झाली नसती आणि जन्मठेपही. तो आपल्या न्यायालयात उभाच राहिला नसता.

मात्र तिच्या पहिल्या प्रश्नापुढे मला मान खाली घालावी लागते. मला कुणी विचारलं का, असं ती म्हणाली. शिबीने स्वतःचं मांस तराजूत घातलं होतं. आपल्या सरकारने लिस्बनला शब्द दिला तेव्हा तराजूत जे पडलं ते या कुटुंबांचं होतं. शब्द देणं योग्य होतं असं मी मानते, पण ज्यांच्या वाट्याचा न्याय कमी करून तो दिला गेला त्यांना दोन ओळींचं पत्रसुद्धा कुणी लिहिलं नाही. तिच्या घरी तरी असं काही आलं नाही. सालेमवरच्या खटल्याचा निकाल स्फोटांनंतर २४ वर्षांनी लागला, आणि एवढ्या काळात सरकारने तिच्या आईशी जे बोलायला हवं होतं ते वृत्तवाहिन्यांकडून तिला कळत गेलं. लिस्बनच्या न्यायमंत्रालयाला आपण उत्तरदायी राहिलो, सेंच्युरी बाजारच्या बसस्टॉपवर गेलेल्या माणसाच्या मुलीला राहिलो नाही. हा दोष प्रत्यार्पणाच्या मर्यादांचा नाही. मधल्या माणसाने आपली किंमत दुसऱ्याच्या अंगातून मोजली, हा दोष आहे.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. २०३० साली तो कागद वेळेवर पुढे जावा, एक दिवसही आडकाठी न करता जावा, आणि त्यावर सही व्हावी. पण त्याआधी सरकारने १२ मार्च १९९३ च्या प्रत्येक मृताच्या वारसाला स्वतःच्या नावाने पत्र लिहावं: हा शब्द आम्ही का दिला, त्याने काय मिळालं, आणि तो पाळताना तुमच्याकडून काय घेतलं. यापुढे कुठल्याही देशाला अशी हमी देण्यापूर्वी पीडितांच्या कुटुंबांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकण्याची तरतूद १९६२ च्या कायद्यात व्हावी. त्यांना नकाराधिकार असू नये, पण नजाशीच्या दरबारात आश्रितांना मिळाली तेवढी बोलण्याची संधी मागणाऱ्यांनाही मिळायलाच हवी. हे वाचणाऱ्यांत कुणी संसद सदस्य असतील, वकील असतील, किंवा त्या दिवशी कुणी आपलं माणूस गमावलं असेल, तर त्यांनी ही मागणी आत्तापासून लावून धरावी. २०३० ला फार अवधी उरलेला नाही.